वादळाआधीचे घर : कोकण किनाऱ्यावरच्या तयारीचा आढावा

कोकणातल्या घराला पावसाळ्याची तयारी कोणी शिकवावी लागत नाही. एप्रिल सरत आला की लाकूडफाटा खोपीत जातो, कौले चाळून फुटकी बदलली जातात, पडवीला झापांचा आडोसा लागतो, आणि तांदूळ, आमसुले, मसाला, सुकी मासळी यांची आगोट भरली जाते. हे सगळे मृग नक्षत्र डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असते. चक्रीवादळाचे पंचांग मात्र वेगळे आहे. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात त्याचे दोन हंगाम असतात, एक एप्रिल ते जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ऐन मोसमी पावसात खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांत मोठी तफावत असते, त्यामुळे वादळाला उभे राहायला सवड मिळत नाही. म्हणजे वादळ येते ते घर अर्धवट शाकारलेले असताना, आंबा झाडावर आणि चाकरमानी गावात असताना; नाहीतर भात कापून खळ्यावर पडलेले आणि बोटी समुद्रात असताना.

चक्रीवादळासाठी घराने काय करावे, यावर गेल्या काही वर्षांत बरेच लिहिले-बोलले गेले आहे. सरकारी पुस्तिका आहेत, परदेशी सल्ले आहेत, २०२०च्या निसर्ग वादळातून तावून निघालेल्या गावांचे अनुभव आहेत. या सगळ्यांचा सूर एक नाही. कोण काय म्हणतो आणि कशावर अजून एकमत नाही, ते क्रमाने पाहू.

प्रश्न इथे कसा आला

चक्रीवादळ हा पूर्व किनाऱ्याचा विषय, अशीच फार काळ आपली समजूत होती. ती अगदी निराधारही नव्हती. भारतातली मोठी जीवितहानी तिकडेच झाली. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ रोजी धडकलेल्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. इकडे मुंबईत १८८२ साली एका वादळात लाखभर लोक मेल्याची गोष्ट वर्षानुवर्षे यादीमागून यादीत उतरत राहिली, पण हवामानशास्त्रज्ञ अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा असे वादळ झाल्याचा पुरावाच सापडला नाही. न झालेले वादळ शतकभर लक्षात राहिले आणि झालेली छोटी वादळे विसरली गेली, ही आपल्या स्मरणाची गंमतच म्हणायची.

नोव्हेंबर २००९मध्ये फयान आले. त्याचा मोठा तडाखा समुद्रात असलेल्या मच्छीमारांना बसला, आणि चर्चा बोटी, वायरलेस व बंदरावरच्या बावट्यांभोवती फिरली. घर त्या चर्चेत नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढले, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने, आणि विषय एकदम घरात शिरला. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत छपरे उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वर्ष उलटायच्या आत, मे २०२१मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत उनाजवळ धडकले. ते कोकणात जमिनीवर आले नाही, तरी हापूसच्या ऐन तोडणीत त्याने सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे पुरते नुकसान केले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. हा आकडा फार फिरतो आणि बहुतेक वेळा अर्धाच वाचला जातो. समुद्रात वादळे वाढली म्हणजे ती कोकणातच येतील असे नाही. बरीचशी ओमान-येमेनकडे जातात, काही गुजरातेकडे वळतात, काही पाण्यातच विरतात. दर पिढीत एखाद-दुसरे वादळ पाहणाऱ्या घराने किती पैसे आणि किती कष्ट त्यात घालावे, हा सगळ्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

घराचे काम की सरकारचे?

पहिले मतभेद जबाबदारीवरून आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की माणसे वाचतात ती यंत्रणेमुळे. दाखला अर्थातच ओडिशाचा. १९९९नंतर तिथे स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभे राहिले, किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, आणि २०१३च्या फायलीनमध्ये दहा लाखांच्या आसपास, तर २०१९च्या फणीमध्ये बारा लाखांवर लोक वेळेत हलवले गेले. मृत्यू हजारांवरून दोन आकड्यांवर आले. बांगलादेशाने हाच धडा त्याआधी गिरवला होता. १९७०च्या भोला वादळात तीन ते पाच लाख माणसे गेल्यावर, १९७२मध्ये तिथे स्वयंसेवकांचा चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू झाला. आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या स्त्रिया आहेत. या मताचे लोक विचारतात : रोजंदारीवर जगणाऱ्या घराला टॉर्च, सेल आणि सुका खाऊ साठवायला सांगणे म्हणजे सरकारने हात झटकणे नव्हे काय?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की यंत्रणा जीव वाचवते, संसार नाही. फणीमध्ये माणसे वाचली, पण पुरी-भुवनेश्वरची घरे, झाडे आणि विजेचे खांब वाचले नाहीत. त्यातून कोकणातल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. दरड कोसळली, रस्त्यावर झाड पडले, की मदतीची गाडी दोन दिवस पोचत नाही. ते दोन दिवस घरालाच निभवावे लागतात.

या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट पुरेशी हिशेबात धरलेली नाही असे मला वाटते, आणि ती म्हणजे वेळ. निसर्गचा कमी दाबाचा पट्टा १ जूनला डिप्रेशन झाला आणि ३ तारखेच्या दुपारी वादळ किनाऱ्यावर होते. फयान ९ नोव्हेंबरला आकाराला आले, ११ला धडकले. हवामान खात्याचे चार टप्प्यांचे इशारे ७२ तासांपासून सुरू होतात, पण अरबी समुद्र किनाऱ्याच्या इतका लगत वादळ घडवतो की हातात प्रत्यक्षात दोन-अडीच दिवसच येतात. त्या वेळात पाणी भरता येते, गुरे सोडता येतात, कागद पिशवीत घालता येतात. छप्पर बांधून काढता येत नाही. सरकारी पुस्तिकांतल्या याद्या बहुतेक या शेवटच्या दोन दिवसांच्या आहेत, आणि घराचे नुकसान ठरते ते त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये सुतार घरी येतो की नाही यावर.

कौल, पत्रा, स्लॅब

सगळ्यांत रंगणारा वाद छपराचा आहे, आणि तो रंगावा असाच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. शिवाय वारा छपराला नुसता ढकलत नाही. उतरत्या छपरावरून जाताना तो वर ओढ निर्माण करतो, आणि ही ओढ कडा, कोपरे आणि वळचणीपाशी सर्वाधिक असते. म्हणून छप्पर खाली कोसळण्याऐवजी वर उचलले जाते, आणि सुरुवात कोपऱ्यातून होते.

कौलांच्या बाजूने बोलणारे म्हणतात : कौले सुटी असतात, चार उडाली तर चारच उडतात. खालून आलेली हवा फटींतून निघून जाते, वासा-रीप जागेवर राहते आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या पोराला वर चढवून घर झाकता येते. शिवाय जुनी घरे बरीचशी चौपाखी. चारही बाजूंनी उतरते छप्पर वाऱ्याला दुपाखीपेक्षा चांगले तोंड देते, हे परदेशातल्या पाहण्यांतही वारंवार दिसले आहे.

पत्र्याच्या बाजूचे लोक यावर हसतात. कौले दरसाल चाळावी लागतात. चाळणारा माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. घरात सत्तरीचे दोघे. वर वानरांची टोळी एका उडीत दहा कौले फोडते. ज्याने हे पाच पावसाळे काढले, त्याने पत्रा घातला तर त्याला नावे कशाला ठेवायची? वादळ कधीतरी येते, वानर रोज.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण पत्र्याचा दोष पत्र्यात कमी आणि तो बसवण्यात अधिक आहे. छपरावर चढून पाहिले तर गोष्ट एका नटाशी येऊन थांबते. पत्रा लोखंडी पाइपाला किंवा लाकडी वाशाला इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकाराच्या हुकाने पकडलेला असतो. हुकावर वायसर, वायसराखाली रबर किंवा डांबरी चकती. खारी हवा पहिल्या दोन-तीन वर्षांतच वायसर खाते. भोक रुंदावते, पत्रा खडखडू लागतो, आणि मालक त्यावर एक चिरा किंवा टायर ठेवतो. वादळात आधी चिरा पडतो, मग पत्रा जातो, आणि तो पत्रा दुसऱ्याच्या खिडकीत घुसतो. त्यात खर्च वाचवायला हुक एकाआड एक खोबणी सोडून बसवलेले असतात, तेही कडेला, जिथे ते दाट हवेत. भारतीय मानक संस्थेचे कमी उंचीच्या घरांसाठी वादळप्रतिकाराचे स्वतंत्र मार्गदर्शक मानक २००४पासून आहे. त्यात छप्पर वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली असावी, हे तत्त्व सांगितले आहे. साखळीतली एक कडी सुटली की बाकीच्या कितीही मजबूत असल्या तरी उपयोग नाही. गावातल्या फॅब्रिकेटरपर्यंत हे मानक कसे पोचावे, याची सोय मात्र कुठे दिसत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. १९९२च्या अँड्र्यू वादळानंतर पाहणी करणाऱ्यांना आढळले की हजारो घरांची छपरे वाऱ्यापेक्षा ढिसाळ कामामुळे गेली : फळ्या खिळ्यांऐवजी स्टेपल मारून बसवलेल्या, आणि त्यातलेही कित्येक वाशाला लागलेच नव्हते. २००२मध्ये राज्यभर नवा बांधकाम नियम लागू झाला आणि २००४च्या चार्ली वादळात नव्या घरांचे नुकसान कमी झाल्याचे दिसले. पण तिथे छपराच्या कामाची सरकारी तपासणी होते. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या हद्दीत छपरावर कोण चढणार?

स्लॅबचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. तो उडत नाही, हे खरे. पण खर्चिक, उन्हाळ्यात तापणारा, आणि कोकणच्या पावसात गळणारा. म्हणून लोक त्याच्यावर पुन्हा पत्र्याची शेड मारतात, आणि ती उडते.

जाता जाता एक गैरसमज. वादळात हवेचा दाब समान राहावा म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवावी, असा जुना अमेरिकी सल्ला आपल्याकडेही अधूनमधून फिरतो. तिथल्या तज्ज्ञांनी तो केव्हाच मोडीत काढला आहे. वारा आत शिरला की छपराला खालूनही ढकलतो. दारे-खिडक्या घट्ट बंद हव्यात. काचेवर चिकटपट्टीची फुली मारणेही त्याच जातीचे. त्याने काच फुटायची थांबत नाही.

राहायचे की निघायचे?

चक्रीवादळातले बहुतेक मृत्यू वाऱ्यापेक्षा पाण्याने होतात, किनाऱ्यावर चढणाऱ्या लाटेने किंवा पुराने, यावर जगभर एकमत आहे. म्हणून फ्लोरिडात सूत्र सांगतात की पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. कोकणात हे सूत्र तितके सरळ लागू होत नाही. ओडिशाचा किनारा सपाट आहे, लाट कित्येक किलोमीटर आत जाते. कोकणात समुद्रापासून थोड्या अंतरावर चढ लागतो. खाडीकाठची, कोळीवाड्यांतली, पुळणीला लागून असलेली घरे खरोखर हलवावी लागतात. वरच्या वाडीतल्या घराला पाण्याची भीती कमी, पण दरडीची असू शकते. धोका इथे घरागणिक बदलतो, आणि आदेश निघतो गावागणिक.

हलायला नकार देणाऱ्यांची कारणे सगळीकडे सारखी आहेत : गुरे, चोरीची भीती, अंथरुणाला खिळलेले माणूस, आणि शाळेत पन्नास बायकांमागे एक संडास. बांगलादेशात निवाऱ्याशेजारी गुरांसाठी मातीचे उंच ओटे घातले गेले, ते याच अनुभवातून. २०२०मध्ये त्यात करोनाची भर होती. शाळेत गर्दी करायची की पत्र्याखाली बसायचे, यातून लोकांना निवडायचे होते. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र व गोवाही होते आणि त्यात निवारे, खारबंधारे, भूमिगत वीजवाहिन्या अशी कामे होती. निवारे वर्षातले तीनशे साठ दिवस कशासाठी वापरायचे, देखभालीचा खर्च कोणी करायचा, यावर मतभेद आहेत. एक मधला मार्गही सुचवला जातो : वाडीतली एक-दोन भक्कम स्लॅबची घरे आधीच ठरवून ठेवायची. तो स्वस्त आहे, पण त्या घरांचा उंबरा सगळ्यांना ओलांडता येतो का, हे गावकी जाणते.

तीन दिवसांची पिशवी

तीन दिवस पुरेल इतके अन्न, माणशी रोज चार लिटर पाणी, औषधे, बॅटरी, शिटी, दोरी : ही यादी अमेरिकेतून जगभर गेली. खुद्द अमेरिकेत आता तीन दिवसांवर समाधान नाही. हवाई राज्य चौदा दिवसांचा साठा सांगते. २०१७च्या मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोतल्या काही घरांत वीज यायला जवळजवळ वर्ष लागले.

कोकणातल्या घराला अन्नाची चिंता तुलनेने कमी. मे अखेरीस आगोट भरलेली असते, आणि यादीतले बहुतेक पदार्थ तिच्यात बसतात. निसर्गनंतर अडले ते पाण्याने. विहीर अंगणात, पाणी काठोकाठ नसले तरी पुरेसे, पण पंप विजेवर. रहाट केव्हाच मोडीत गेलेला, कप्पी गंजलेली, सिमेंटच्या झाकणाला पोहरा जाईल एवढे तोंडही ठेवलेले नाही. नळयोजनेचेही तेच. मोबाइलचे मनोरे बंद, एटीएम बंद, त्यामुळे गाठीला रोख नसलेला माणूस पैसे असूनही अडला. तेव्हा शहरी याद्यांत भर घालायची तर मी कप्पी, पोहरा आणि थोडी रोकड घालीन. ताडपत्रीही घालीन, कारण वादळानंतर ती मिळेनाशी होते आणि पत्र्यांचे भाव वर जातात. जनरेटर बाळगणाऱ्यांसाठी एक इशारा अमेरिकेतूनच येतो : लुइझियानात २०२०च्या लॉरा वादळानंतर बरेच मृत्यू घरात किंवा गॅरेजमध्ये चालवलेल्या जनरेटरच्या विषारी धुराने झाले.

झाड : आडोसा की धोका?

घराला टेकून असलेला माड, फणस किंवा आंबा तोडावा का, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ आणि घरमालक यांचे जमत नाही. झाडांचा पट्टा वारा मोडतो. ओडिशात १९९९च्या वादळावर सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९मध्ये केलेल्या अभ्यासात खारफुटी टिकलेल्या गावांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले. पण ती लाटेपासूनची राखण. घरावर पडणारे एकटे झाड ही निराळी गोष्ट. सोयीचा तोडगा असा मानला जातो की मुळासकट तोडण्याऐवजी पावसाआधी फांद्या विरळ कराव्यात, माडावरचे सुके झाप आणि नारळ उतरवावेत. पाडेकरी वेळेवर मिळाला तर.

कागद

तयारीचा हा भाग पुस्तिकांत शेवटी येतो आणि कोकणात सर्वांत गुंतलेला आहे. पूर्ण पडलेल्या घराला केंद्राच्या निकषाप्रमाणे ९५ हजार १०० रुपये मिळत. निसर्गनंतर राज्याने ते दीड लाख केले. बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. टीकाकारांचे म्हणणे, सुपारीची बाग हेक्टरांत मोजण्यात अर्थ नाही. वाडी गुंठ्यांत असते आणि नवे झाड धरायला पाच-सात वर्षे लागतात. सरकारी बाजू अशी की निकष सगळ्या राज्यासाठी एकच असावे लागतात.

पण रक्कम हातात येण्याआधी पंचनामा, आणि पंचनाम्याआधी सातबारा. तो आजोबांच्या नावावर, खाली बावीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबई-ठाण्यात, दोन परदेशात. सगळ्यांची संमती आणायची कोणी? वारसनोंद करणे, घरपट्टीची पावती जपणे, छपराचे आणि बागेचे फोटो हंगामाआधी काढून ठेवणे ही तयारी बिनखर्चाची आहे, आणि तीच कोणी करत नाही, कारण वारसनोंद काढली की भावकीतले जुने वाद वर येतात.

विम्यावर मते दोन टोकांची आहेत. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकाने भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आणली. तिच्यात वादळाचे नुकसान येते. समर्थक म्हणतात, सरकारी मदतीवर अवलंबून राहण्यापेक्षा हे बरे. शंका घेणारे फ्लोरिडाकडे बोट दाखवतात. तिथे वादळांमागून वादळे आल्यावर काही खासगी कंपन्या बुडाल्या, काहींनी काढता पाय घेतला, आणि शेवटी राज्याच्या कंपनीवर भार आला.

काय सुटलेले नाही

वीजवाहिन्या जमिनीखाली नेणे, छप्पर बसवणाऱ्या गावच्या कारागिरांना प्रशिक्षण, पडझडीच्या भरपाईत मजबुतीकरणाचा वेगळा वाटा : या तिन्हींवर तत्त्वतः कोणाचा विरोध नाही, पैशावर आहे. जांभ्या दगडात चर खणणे महाग पडते. भरपाई होते तसे घर पुन्हा उभे करायला मिळते, आणि तेच ‘J’ आकाराचे हुक एकाआड एक खोबणी सोडून पुन्हा लागतात. वादळाचा अंदाज आता पुष्कळ नेमका झाला आहे, पण तो जिल्ह्यासाठी असतो. घराने काय करावे हे त्यातून घरालाच काढायचे असते.

आणि बंद घरांचे काय, हेही कोणी नीट हाताळलेले नाही. कोकणातल्या कित्येक वाड्यांत वर्षाचे दहा महिने निम्मी दारे कुलूपबंद असतात. मालक गणपती-शिमग्याला येतो. मेमध्ये आला तर आंब्यांपुरता. त्याच्या छपराचा सुटा पत्रा शेजारच्या म्हातारीच्या घरावर जातो. त्याला नोटीस कोणी द्यायची? ग्रामपंचायतीला तो अधिकार द्यावा असे काहींचे मत आहे. गावात न राहणाऱ्यांवर आणखी एक बोजा नको, असे मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांत बोलले जाते. मधल्या काळात काही वाड्यांनी मंडळाच्याच पैशातून एका सुताराला मार्च-एप्रिलभर बांधून घ्यावे आणि त्याने कुलूपबंद घरांसह सगळी छपरे पाहावीत, असा प्रस्ताव पुढे येतो. खर्च घरामागे फारसा येत नाही. अडते ते कुलूपबंद घराची किल्ली कोणाकडे असावी यावर.